आदोनिराम जडसन आणि एक ग्रीक क्रियापद

मराठी नव्या करारांतील ‘बाप्तिस्मा’ हा शब्द आपल्या कानांस इतका सरावाचा झाला आहे कीं, तो मुळांत मराठी नाहीं याची आठवणही राहत नाहीं. संस्कृताशीं त्याचें नातें नाहीं, देशी शब्दांशीं नाहीं, आणि फारशींतूनही तो आलेला नाहीं. ग्रीक भाषेंतील ‘बाप्तिझो’ या क्रियापदापासून झालेलें ‘बाप्तिस्मा’ हें नाम भाषांतरकारांनीं जसेंच्या तसें उचललें आणि त्याला ‘करणें’, ‘देणें’, ‘घेणें’ हीं आपलीं क्रियापदें जोडून दिलीं. वसईकडील कॅथलिक बंधु ‘स्नानसंस्कार’ म्हणतात, तो शब्द आपल्या वळणाचा आहे. मग ‘बुडविणें’, ‘न्हाऊं घालणें’, ‘शिंपडणें’ असे घरगुती शब्द हाताशीं असतां परका शब्द कां ठेविला गेला? हा प्रश्न वरवर व्याकरणाचा दिसतो. पण याच एका क्रियापदाच्या अर्थासाठीं एका तरुणानें आपली नेमणूक, आपला पगार आणि आपले सोबती, हीं सर्व परक्या देशांत पाऊल ठेवतांच सोडून दिलीं. त्याच्या सोबत्यांपैकीं दोघे मुंबईस आले, आणि पश्चिम हिंदुस्थानांतील अमेरिकन मिशनचा पाया त्यांनीं घातला. तो स्वतः ब्रह्मदेशांत गेला. त्या आदोनिराम जडसनची ही हकीकत आहे.

इ. स. १७८८ च्या ऑगस्टच्या ९ व्या तारखेस अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत मॉल्डन या गांवीं त्याचा जन्म झाला. बापाचें नांवही आदोनिरामच. तो काँग्रिगेशनल पंथाचा पाळक असून करारी होता, आणि आपला मुलगा मोठा नांवलौकिक मिळविणार या आशेनें भारलेला होता. मूल तीन वर्षांचें असतां बाप कांहीं दिवस परगांवीं गेला. तेवढ्या अवधींत आईनें त्याला वाचावयास शिकविलें, आणि बाप परत आल्यावर मुलानें त्याच्यापुढें बायबलांतील एक अध्याय वाचून दाखविला, असें सांगतात. सोळाव्या वर्षीं तो प्रॉव्हिडेन्स येथील ब्राउन कॉलेजांत गेला व १८०७ सालीं आपल्या वर्गांत पहिला येऊन पदवीधर झाला.

कॉलेजांत त्याला जेकब एम्स नांवाचा एक हुशार मित्र भेटला होता. देव जग निर्माण करून बाजूस बसला आहे, त्याला प्रार्थना ऐकूं येत नाहीं व त्यानें ग्रंथही कोणास दिला नाहीं, असें एम्सचें मत. तें मत जडसननेंही पत्करलें. घरीं येऊन त्यानें तें आईबापांस सांगितलें तेव्हां आई रडली व बापानें वाद घातला. वादांत मुलगाच वरचढ ठरला असें म्हणतात. नंतर तो न्यूयॉर्कास गेला आणि कांहीं दिवस एका भटक्या नाटकमंडळीच्या संगतींत राहिला. तेथून परततांना एका खाणावळींत त्यानें रात्र काढली. शेजारच्या खोलींत एक तरुण मरणाच्या दारीं होता. त्याचें कण्हणें भिंतीपलीकडून रात्रभर ऐकूं येत होतें. सकाळीं जडसननें चौकशी केली तेव्हां कळलें कीं, तो तरुण मेला, आणि तो जेकब एम्सच होता. ही गोष्ट त्याच्या सर्व चरित्रकारांनीं दिली आहे. ती थोडी कथेसारखी वाटते खरी; पण त्यानंतर तो घरीं परतला आणि १८०८ च्या अखेरीस अँडोव्हर येथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयांत दाखल झाला, एवढें निश्चित आहे. तेथें ग्रीक व हिब्रू या भाषांचा पाया त्यानें पक्का केला.

अँडोव्हर येथें त्याला समविचारी तरुण मिळाले: सॅम्युएल मिल्स, सॅम्युएल न्यूएल, सॅम्युएल नॉट, गॉर्डन हॉल. १८१० च्या जून महिन्यांत ब्रॅडफर्ड येथें पाळकांची सभा भरली असतां, आम्हांस परदेशीं पाठवा, असा अर्ज त्यांच्यापैकीं चौघांनीं केला. त्यांतून अमेरिकन बोर्ड ही संस्था जन्मास आली. त्याच गांवीं जडसनची व ॲन हॅसेल्टाइन या मुलीची ओळख झाली. लग्नासाठीं तिच्या वडिलांकडे जें पत्र त्यानें लिहिलें, त्यांत गोड शब्द फारसे नव्हते. आपल्या मुलीचें मुख पुन्हा या जगांत पाहावयास मिळणार नाहीं, तिला परक्या हवेंत, हालअपेष्टांत व कदाचित् छळांत मरावें लागेल, हें सर्व कबूल करून तुम्ही संमति देतां काय, असें त्यानें विचारिलें होतें. बापानें निर्णय मुलीवर सोपविला आणि ती तयार झाली. १८१२ च्या फेब्रुवारीच्या ५ तारखेस लग्न, दुसऱ्या दिवशीं सेलम येथें दीक्षा, आणि १९ तारखेस ‘कॅरव्हॅन’ जहाजांतून कलकत्त्याकडे प्रयाण, अशी घाई झाली. बरोबर न्यूएल व त्यांच्या पत्नी हॅरिएट या होत्या. हॉल, नॉट व ल्यूथर राइस हे दुसऱ्या जहाजानें निघाले.

प्रवास चार महिन्यांचा होता. तरुण जोडपीं व्यायामासाठीं डेकवर दोरीच्या उड्या मारीत, हें वाचून हंसूं येतें. पण जडसन यांचा बहुतेक वेळ पुस्तकांत जात होता. कलकत्त्याजवळ श्रीरामपूर येथें विल्यम केरी, मार्शमन व वॉर्ड हे इंग्रज मिशनरी राहत. हें तेंच श्रीरामपूर, जेथें १८११ सालीं मराठी नवा करार मोडी लिपींत छापला गेला. पाहुणे म्हणून प्रथम त्यांच्याकडेच जावयाचें होतें. ते बॅप्टिस्ट. त्यांचें म्हणणें असें कीं, बाप्तिस्मा स्वतः विश्वास धरणाऱ्याचाच करावा, तान्ह्या बालकाचा नव्हे. आणि तो पाण्यांत बुडवूनच करावा, शिंपडून नव्हे. जडसन ज्या पंथांत वाढले होते, तेथें नेमकी उलट रीत होती. यजमानांशीं या विषयावर बोलणें निघालें तर आपली बाजू नीट मांडतां यावी, म्हणून ते तयारीस लागले. शिवाय दुसरीही एक अडचण होती. आईबाप ख्रिस्ती म्हणून मुलांचा बाप्तिस्मा करावयाचा, त्याला आधार अब्राहामाशीं झालेल्या कराराचा. पण त्या कराराचें चिन्ह अब्राहामाच्या मुलांपुरतें नव्हतें. त्याच्या चाकरांसही तें लागू होतें. मग उद्यां एखादा गृहस्थ ख्रिस्ती झाला तर त्याच्या मुलांबरोबर नोकरचाकरांचाही बाप्तिस्मा करावयाचा कीं काय? अमेरिकेंत हा प्रश्न कोणास पडत नसे. पूर्वेकडच्या मोठ्या कुटुंबांत तो पहिल्याच दिवशीं पडणार होता.

आतां त्या क्रियापदाकडे वळूं. आपल्या भाषेंत पाण्याच्या क्रियांस किती शब्द आहेत पाहा. आपण हात धुतों, भांडें विसळतों, कापड पिळण्यापूर्वीं बुचकळतों, अंगणांत सडा शिंपतों, मुलास न्हाऊं घालतों, विहिरींत घागर बुडवितों. यांतील एका शब्दाच्या जागीं दुसरा घातला तर ऐकणारा चटकन् थांबतो. ग्रीक लोकांचेंही तसेंच होतें. हातपाय धुणें म्हणजे ‘निप्तो’, सर्वांग धुणें म्हणजे ‘लूओ’, कपडे धुणें म्हणजे ‘प्लूनो’, शिंपडणें म्हणजे ‘ऱ्हांतिझो’, ओतणें म्हणजे ‘एक्खेओ’. आणि ‘बाप्तो’ म्हणजे बुचकळणें. श्रीमंत मनुष्य लाजारानें बोटाचें टोंक पाण्यांत बुडवावें अशी विनवणी करतो तेथें, आणि शेवटच्या भोजनाच्या वेळीं घांस ताटांत बुडविला जातो तेथें, हेंच क्रियापद आहे. रंगारी कापड रंगांत बुचकळतो म्हणून रंगविणें असाही त्याचा अर्थ होतो. ‘बाप्तिझो’ हें त्याच्यापासूनच निघालें, पण तें अधिक जोरदार आहे. पॉलिबियस या इतिहासकारानें लढाईंत बुडविलेल्या जहाजांविषयीं तें वापरलें. योसीफसनें यरीहो येथील तळ्यांत पाण्याखालीं दाबून मारलेल्या तरुण अरिस्तोबूलाविषयीं तें योजिलें. प्लेटोच्या एका संवादांत तर आदल्या रात्रीं मद्यांत बुडालेले पाहुणे याच शब्दानें वर्णिले आहेत. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरांत नामानाची गोष्ट येते. अलीशा त्याला यार्देनेंत स्नान कर असें सांगतो तेथें ‘लूओ’ आहे. आणि तो नदींत उतरून सात वेळां बुडी मारतो तेथें ‘बाप्तिझो’ आहे.

जडसन यांनीं ग्रीक नवा करार घेऊन एकेक स्थळ पाहिलें. योहान एनोन गांवीं बाप्तिस्मा करीत होता, तें तेथें पाणी पुष्कळ होतें म्हणून. येशूचा बाप्तिस्मा यार्देनेंत झाला असें मार्क सांगतो, तेथें ‘आंत’ अशा अर्थाचें शब्दयोगी अव्यय आहे. फिलिप्प व तो हबशी अधिकारी दोघेही पाण्यांत उतरले आणि पाण्यांतून वर आले. पौल रोमकरांस लिहितांना बाप्तिस्म्याची तुलना पुरलें जाण्याशीं करतो. मूठभर माती टाकली म्हणजे कोणी पुरला जात नाहीं. येशू आपल्या येणाऱ्या दुःखांविषयीं बोलतांना हेंच क्रियापद वापरतो, तेव्हां मनांत चित्र येतें तें पुरांत सांपडलेल्या मनुष्याचें. शिंपडण्यासाठीं ग्रीक भाषेंत निराळा शब्द असून नव्या करारांत तो वापरलेलाही आहे. मग या विधीसाठीं तो एकदांही कां येऊं नये, हा मुद्दा जडसन यांस सर्वांत अधिक खुपला.

दुसऱ्या पक्षाचें म्हणणेंही दुबळें नव्हतें. लूक सांगतो कीं, येशूनें जेवणापूर्वीं ‘बाप्तिझो’ केलें नाहीं म्हणून एका परूश्यास नवल वाटलें. आतां जेवणापूर्वीं सर्वांग बुडविण्याची अपेक्षा तो करील काय? येथें हात धुण्याहून अधिक कांहीं नसावें. यरुशलेमांत एका दिवसांत तीन हजार लोकांचा बाप्तिस्मा झाला, फिलिप्पै येथें मध्यरात्रीं तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या घरीं झाला. तेथें सर्वांस बुडविण्याइतकें पाणी कोठून आणिलें? शब्द मुळांत एका क्रियेचा असतो आणि पुढें विधीचें नांव बनतो. तसें झालें म्हणजे मूळ क्रियेची मर्यादा त्याला उरत नाहीं, हा त्या पक्षाचा खरा मुद्दा. आपण ‘मुंज’ म्हणतों तेव्हां मुंज गवताची दोरी कोणाच्या डोळ्यांपुढें येते?

या वादाला पुढें जो पुरावा मिळाला तो जडसन यांच्यापाशीं नव्हता. मार्काच्या सातव्या अध्यायांत बाजारांतून आल्यावर धुण्याचा उल्लेख आहे. तेथें सर्वांत जुन्या हस्तलिखितांपैकीं दोहोंत ‘बाप्तिझो’ नसून ‘ऱ्हांतिझो’ आहे. त्यांतील एक हस्तलिखित सीनाय पर्वतावरच्या मठांत जडसन यांच्या मरणानंतर हातीं आलें. ‘दिदाखे’ म्हणजे बारा प्रेषितांची शिकवण हा फार प्राचीन ग्रंथ १८७३ सालीं सांपडला व १८८३ सालीं छापला गेला. त्यांत वाहत्या पाण्यांत बाप्तिस्मा करावा असें सांगून, तें नसेल तर दुसऱ्या पाण्यांत, आणि दोन्ही नसल्यास डोक्यावर तीन वेळां पाणी ओतावें अशी मोकळीक दिली आहे. म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ जडसन म्हणत होते तोच, आणि तरीही अगदीं आरंभींच्या मंडळ्यांनीं अडचणीच्या वेळीं त्याला थोडें सैल सोडलें, असें दिसतें. माझ्या मतें क्रियापदाच्या अर्थाविषयीं जडसन यांची बाजू भक्कम होती. पण बालकांचा प्रश्न क्रियापदाच्या अर्थानें सुटत नाहीं. तो प्रश्न करार आणि विश्वास यांच्या संबंधाचा आहे, आणि तेथें कोश मुका होतो.

ॲनबाईंस हें सर्व पसंत नव्हतें. पति बॅप्टिस्ट झाले तरी आपण होणार नाहीं, असें त्यांनीं प्रथम बजाविलें. त्या मुद्दाम जुन्या मताचा पक्ष घेऊन वाद घालीत. १७ जून १८१२ रोजीं जहाज कलकत्त्यास लागलें. केरी यांनीं सर्वांचें प्रेमानें स्वागत केलें. पुढें कलकत्त्यांत एका घरीं उतरले असतां या विषयावरचीं दोन्ही पक्षांचीं पुस्तकें तेथें सांपडलीं, आणि नवराबायको दोघेंही तीं वाचूं लागलीं. ॲनबाई वाचीत गेल्या तसा त्यांचा विरोध मावळत गेला. परिणाम काय होतील हें दोघांसही स्पष्ट दिसत होतें. बोर्डानें पाठविलें तें बोर्डाच्या मतांप्रमाणें शिकविण्यासाठीं. मत पालटलें कीं पगार बंद. आईबाप, मित्र, गांवची मंडळी यांना हा विश्वासघात वाटणार. आणि ज्या न्यूएल दंपतीबरोबर एका छपराखालीं राहून काम करण्याची स्वप्नें पाहिलीं, त्यांच्याशींही ताटातूट. एका मिशनांत दोन प्रकारचा बाप्तिस्मा कसा चालावा?

२७ ऑगस्ट रोजीं जडसन यांनीं केरी, मार्शमन व वॉर्ड यांस पत्र लिहून आपला निर्णय कळविला. यजमानांस तोंवर सुगावाही नव्हता. १ सप्टेंबरला बोर्डाच्या चिटणिसांकडे राजीनामा गेला. ६ सप्टेंबर १८१२ रोजीं कलकत्त्याच्या लाल बाजार येथील प्रार्थनामंदिरांत वॉर्ड यांच्या हातून पतिपत्नींचा पाण्यांत बुडवून बाप्तिस्मा झाला. तीन आठवड्यांनीं त्याच ठिकाणीं जडसन यांनीं या विषयावर एक उपदेश केला. तो छापला गेला व अमेरिकेंतही पुन्हा पुन्हा निघाला. दोन महिन्यांच्या आंत ल्यूथर राइस यांनींही तीच वाट धरली. ते अमेरिकेस परत गेले आणि त्यांच्या खटपटीनें १८१४ च्या मे महिन्यांत फिलाडेल्फिया येथें बॅप्टिस्ट मंडळ्यांची परदेशी मिशनसाठीं संस्था उभी राहिली. मधल्या काळांत जडसन यांच्या पाठीशीं स्वदेशांतील अशी कोणतीही संस्था नव्हती. पुढें १८१७ सालीं त्यांच्या वृद्ध वडिलांनींही आपलें पाळकपण सोडून मुलाचें मत स्वीकारलें.

इकडे ईस्ट इंडिया कंपनी सरकारनें या अमेरिकन मंडळीस देशाबाहेर जाण्याचा हुकूम केला होता. इंग्लंड व अमेरिका यांच्यांत युद्ध सुरू झाल्यामुळें संशय अधिकच वाढला. न्यूएल दंपती मॉरिशसला गेलीं. तेथें प्रवासांत जन्मलेलें मूल गमावून हॅरिएटबाई १८१२ च्या नोव्हेंबरांत वारल्या, तेव्हां त्यांचें वय अवघें एकोणीस होतें. हॉल व नॉट कलकत्त्याहून निसटून ११ फेब्रुवारी १८१३ रोजीं मुंबईस पोहोंचले. मुंबई सरकारनेंही त्यांस घालवून देण्याचा घाट घातला होता. पण गव्हर्नर सर इव्हॅन नेपियन यांच्याकडे त्यांनीं चिकाटीनें अर्ज केले आणि शेवटीं राहण्याची परवानगी मिळविली. न्यूएल पुढें त्यांस येऊन मिळाले व १८२१ सालीं मुंबईसच निवर्तले. हॉल १८२६ सालीं नाशिक-त्र्यंबककडील फेरीवरून परततांना पटकीनें वारले. त्याच वर्षीं त्यांच्या मिशननें मराठी नवा करार मुंबईस छापला. जडसन यांचें मत पालटलें नसतें तर ते या मंडळीबरोबर मुंबईस आले असते काय, हें कोणी सांगावें! क्रियापदानें सोबती तोडले, सरकारी हुकुमानें दिशा फिरविली, आणि मॉरिशस व मद्रास करीत ते १३ जुलै १८१३ रोजीं रंगूनच्या किनाऱ्यास लागले. वाटेंत जहाजावर त्यांचें पहिलें मूल मृत जन्मलें.

ब्रह्मदेश, म्हणजे आजचें म्यानमार, हें त्या वेळीं स्वतंत्र राज्य होतें. प्रजेनें राजाचा धर्म सोडणें म्हणजे राजद्रोह. भाषेचा चांगला कोश नव्हता. ताडपत्रावर शब्द एकास एक जोडून लिहीत, मध्यें जागा सोडीत नसत. धर्मविषयक शब्द बहुतेक पाली भाषेंतून आलेले, म्हणून जडसन पालीही शिकले. सहा वर्षें गेलीं तरी एकही मनुष्य ख्रिस्ती झाला नाहीं. १८१९ च्या एप्रिलांत त्यांनीं रस्त्याच्या कडेस, तिकडील रिवाजाप्रमाणें, एक धर्मशाळेसारखी झोंपडी बांधली व तींत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांशीं बोलूं लागले. २७ जून रोजीं मौंग नाऊ या मजुराचा बाप्तिस्मा शहराबाहेरच्या एका तळ्यांत झाला. कांठावर गौतमाची एक मोठी मूर्ति होती. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत आणखी दोघे पुढें आले, पण दिवसाढवळ्या नको, लोक पाहतील, अशी त्यांनीं विनंति केली. म्हणून सूर्य मावळल्यावर, निवडक माणसांदेखत, त्याच तळ्यांत तो विधि उरकला. शिंपडण्यास घरांतील पेलाभर पाणी पुरलें असतें व कोणास कळलेंही नसतें. बुडविण्यास उघड्यावर यावें लागे, आणि उघड्यावर येणें धोक्याचें होतें. अँडोव्हरच्या ग्रंथालयांत जो प्रश्न कोशाचा होता, तो रंगूनच्या तळ्यावर असा होऊन बसला.

१८२० च्या जानेवारींत राजा बाजीडॉ याच्या दरबारीं जाऊन जडसन यांनीं धर्मस्वातंत्र्याची याचना केली. सोनेरी वर्ख लावलेलें सहा खंडांचें बायबल त्यांनीं नजर केलें. राजानें अर्ज वाचला, मग एक पत्रक हातीं घेऊन एकमेव सनातन देवाविषयींचीं आरंभींचीं वाक्यें वाचलीं आणि तें जमिनीवर टाकून दिलें. तेवढ्यानें उत्तर मिळालें. तरी काम थांबलें नाहीं. मूळ ग्रीकवरून नव्या कराराचें ब्रह्मी भाषांतर १८२३ च्या जुलैंत पुरें झालें.

पुढच्याच वर्षीं इंग्रज व ब्रह्मदेश यांच्यांत युद्ध पेटलें. अमेरिकन व इंग्रज यांतील भेद आव्हाच्या दरबाराला कोण समजावणार? ८ जून १८२४ रोजीं जडसन यांस घरांतून बांधून नेऊन मृत्यूच्या कोठडींत टाकलें. त्या तुरुंगाच्या नांवाचा अर्थच हात आखडूं नको असा होता, म्हणजे छळण्यांत. पायांत तीन बेड्या. रात्रीं बांबूच्या आडव्या काठीला पाय अडकवून वर ओढीत, आणि खांदे तेवढे जमिनीस टेंकत. ॲनबाई रोज अधिकाऱ्यांच्या दारांत उभ्या राहत, भात शिजवून नेत, लांच देत, विनवीत. भाषांतराचें हस्तलिखित त्यांनीं प्रथम जमिनींत पुरून ठेविलें. पण पावसाळ्यांत तें सडेल म्हणून एका ओबडधोबड उशींत शिवून पतीकडे पोहोंचविलें. इतकी टणक उशी चोरावी असें कोणासही वाटलें नाहीं. १८२५ च्या मे महिन्यांत कैद्यांस आउंग-पेन-ला येथें हलविलें, तेव्हां एका पहारेकऱ्यानें उशीची बाहेरची चटई काढून घेतली व आंतील कापसाचा गोळा फेंकून दिला. मौंग इंग या शिष्यानें तो गोळा गुरूची आठवण म्हणून उचलून घरीं नेला. कित्येक महिन्यांनीं पाहतात तों कागद आंत सुरक्षित!

युद्ध हरल्यावर तहाची बोलणीं करावयास दुभाषी हवा म्हणून दरबारानें जडसन यांस सोडलें. यांदाबोचा तह १८२६ च्या फेब्रुवारींत झाला. पण त्याच वर्षीं ऑक्टोबरच्या २४ तारखेस ॲनबाई ॲमहर्स्ट येथें वारल्या. जडसन तेव्हां दूर होते. सहा महिन्यांनीं तुरुंगाच्या काळांत जन्मलेली मुलगी मरियाही गेली. या दुःखानें ते कांहीं काळ अगदीं एकांतवासी झाले. रानांत झोंपडी बांधून राहिले, स्वतःची कबर खणून तिच्या कांठीं बसत. त्यांतूनही त्यांस बाहेर काढलें तें भाषांतरानेंच. ३१ जानेवारी १८३४ रोजीं संपूर्ण बायबलाचें ब्रह्मी भाषांतर संपलें. तपासून, पुन्हा तपासून, त्याची सुधारलेली आवृत्ति १८४० सालीं निघाली. तेंच भाषांतर तिकडील मंडळ्यांत अजूनही वाचलें जातें.

भाषांतर संपतें न संपतें तोंच तें जुनें क्रियापद पुन्हा उभें राहिलें. कलकत्त्याच्या बॅप्टिस्टांनीं बंगाली नव्या करारांत ‘बाप्तिझो’ यासाठीं बुडविणें अशा अर्थाचा शब्द घातला होता. ब्रिटिश बायबल सोसायटीनें त्याच्या छपाईस पैसे देण्याचें नाकारलें. त्यांनीं अमेरिकन बायबल सोसायटीकडे मागणी केली. याच सोसायटीनें जडसन यांच्या ब्रह्मी बायबलास पूर्वीं साहाय्य केलें होतें. पण १८३६ सालीं तिनें ठराव केला कीं, सर्व पंथांस सारखीं वापरतां येतील अशाच भाषांतरांस मदत मिळेल. म्हणजे इंग्रजीप्रमाणें मूळ ग्रीक शब्दच ठेवावा. बॅप्टिस्ट रागावून बाहेर पडले व त्यांनीं आपली निराळी सोसायटी काढली. अर्थ माहीत असतां तो झांकून ठेवणें हा भाषांतरकाराचा अप्रामाणिकपणा, असें एका बाजूचें म्हणणें. आपल्या पंथाचा अर्थ देवाच्या वचनांत घुसडणें हाच अप्रामाणिकपणा, असें दुसरीचें. आपल्या मराठींत ‘बाप्तिस्मा’ राहिला. तो शब्द कोणासही दुखवीत नाहीं. आणि म्हणूनच नवख्या वाचकास तो कांहीं सांगतही नाहीं.

१८३४ त जडसन यांनीं सारा बोर्डमन या विधवा मिशनरी बाईंशीं विवाह केला होता. १८४५ सालीं त्या आजारी पडल्या म्हणून त्यांस घेऊन ते स्वदेशास निघाले. वाटेंत सेंट हेलीना बेटाजवळ त्यांचें देहावसान झालें. तेहतीस वर्षांनीं जडसन यांनीं मायदेश पाहिला. घशाच्या दुखण्यामुळें आवाज बसला होता. सभांतून ते हळूच बोलत आणि शेजारीं उभा असलेला दुसरा कोणी तें मोठ्यानें सांगे. एमिली चबक या लेखिकेशीं तिसरा विवाह करून ते १८४६ त परत निघाले आणि मौलमीन येथें इंग्रजी-ब्रह्मी कोशाच्या कामास बसले. तो भाग १८४९ त झाला. ब्रह्मी-इंग्रजी भागास हात घातला होता तोंच प्रकृति ढासळली. समुद्राच्या हवेनें बरें वाटेल म्हणून त्यांस एका फ्रेंच जहाजावर चढविलें. एमिलीबाई प्रसूतीस टेंकल्यामुळें बरोबर जाऊं शकल्या नाहींत. १२ एप्रिल १८५० रोजीं बंगालच्या उपसागरांत जहाजावरच त्यांनीं प्राण सोडला, आणि त्याच संध्याकाळीं देह समुद्रास अर्पण करण्यांत आला. मौलमीन येथें पत्नीस ही वार्ता कळावयास सुमारें चार महिने लागले. अर्धवट राहिलेला कोश स्टीव्हन्स या त्यांच्या सहकाऱ्यानें पुरा केला, व तो १८५२ सालीं छापून निघाला.